भुशाची पोती कुणी शिवली?

प्रिय थोरले काका,

'तीर्थरूप' असं लिहायला घेतलं होतं, पण खोडलं. तुम्ही हयात असताना मी तुमच्याशी कधी एवढ्या अदबीनं बोलले नाही, आता कागदावर कशाला सोंग करू? लहानपणी मी प्रश्न विचारून तुमचं डोकं उठवायची आणि तुम्ही मला 'वकीलसाहेब' म्हणायचात. आजही तुमची वकीलसाहेब प्रश्नच घेऊन बसली आहे. साक्षीदार तेवढा उठून गेला!

आजच का लिहिते आहे, ते आधी सांगते. गेल्या आठवड्यात मी गावी गेले होते. काकूनं मला एक गोष्ट सांगितली, अगदी सहज, वाकळेला टाके घालता घालता. त्या गोष्टीपायी तुम्ही आणि माझे वडील, सख्खे भाऊ असून, तुमच्या शेवटापर्यंत एकमेकांशी बोलला नाहीत. आणि ती गोष्ट तुम्हाला ठाऊकच नव्हती! कळल्यापासून मला चैन नाही. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तरी सांगणार आहे. पण माझी खोड तुम्हाला माहीत आहे. शेवटाला हात घालण्याआधी मी सगळं पहिल्यापासून उलगडून बघते. तेवढं सोसा.

तुम्हाला ती दुपार आठवते का? मी उस्मानाबादच्या कॉलेजात कॉमर्स शिकवायला लागले होते आणि पीएच.डी.साठी औरंगाबादला नाव नोंदवून आले होते. तुम्ही ओट्यावर तंबाखू मळत बसला होतात.

"कशाची डॉक्टर व्हनार म्हनं तू?"

"संस्था आणि कंपन्या आपला नफा कसा सजवून दाखवतात, त्याची."

"सजवून म्हंजी?"

"म्हणजे असतो एक, दाखवतात दुसरा."

तुमचा अंगठा तळहातावर थांबला. मला वाटलं, आता चिडणार! पण तुम्ही ती तंबाखू न खाताच झटकून टाकलीत आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेलात. परत आलात तेव्हा एवढंच म्हणालात, "मंग नीट शीक. अर्धं शिकून कुनाला नावं ठिवू नगंस."

काका, त्या वेळी तुम्ही माझ्यासाठी दार उघडलं होतं, की लावून घेतलं होतं? मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मात्र त्या दारातून आत आले नाही, एवढं खरं. आमच्या विषयात सगळ्यात मोठी अडचण हीच असते की ज्यांनी आकडे फिरवले, ती माणसं सहसा बोलत नाहीत. आम्ही अभ्यासक बाहेरून ताळेबंद चाळतो, अहवाल जुळवतो आणि आत काय झालं असेल याचे अंदाज बांधतो. आणि माझ्या तर घरातच असा माणूस होता! त्याच्या ताटात भाकरी वाढायची मी. आणि मी बसले परदेशी मासिकांच्या फोटोप्रती वाचत.

माझे मार्गदर्शक सर पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "खोटा आकडा शोधू नका, तो सापडत नाही. फार शहाणा आकडा शोधा." मला तेव्हा काही कळलं नाही. मग हळूहळू कळलं. धंदा म्हटला की कधी बरकत, कधी तोटा. ज्या संस्थेचा नफा वर्षामागून वर्ष सारखाच येतो, तिथं कुणीतरी त्याच्यावरून हात फिरवलेला असतो. चांगल्या साली थोडा नफा बाजूला दडवायचा, वाईट साली तोच हळूच बाहेर काढायचा. पाळी घालून ढेकळं फोडावीत तसं वर्ष सपाट करायचं. यात चोरी झाली का? कुणी म्हणतं झाली, कुणी म्हणतं ही तर काटकसर. पण दडवलेलं संपल्यावरही रान सपाटच दाखवायचं म्हटलं तर काय करायचं? तिथं खरी लबाडी सुरू होते. ही हद्द माणूस नेमकी कधी ओलांडतो, ओलांडताना त्याला ते कळतं का, हाच माझा प्रबंध आहे.

त्यासाठी मी जिल्ह्यातल्या सोसायट्यांचे छापील अहवाल गोळा करत हिंडले. एसटीच्या खिडकीला डोकं टेकून झोपा काढल्या, कुलूपबंद कार्यालयांच्या पायऱ्यांवर बसून राहिले. त्या ढिगात आपल्या गावच्या दूध सोसायटीचेही अहवाल निघाले, तुम्ही चेअरमन होतात तेव्हाचे. दिवाळीला सभासदांना जो बोनस वाटायचात, त्याचा मी आलेख काढला आणि तोंडात बोटंच घातली. पाऊस वरखाली, कडबा वरखाली, म्हशींचं दूध वरखाली, आणि तुमची दिवाळी पट्टी लावून आखल्यासारखी! अहो काका, जरा तरी वाकडी करायची होती! आपल्या भागात पाऊस कसा पडतो हे तुम्हाला का माहीत नव्हतं?

सरांनी आलेख बघितला आणि विचारलं, "हे कोण गृहस्थ?"

"माझे चुलते," मी म्हणाले. मग सगळी हकीकत सांगावीच लागली.

मी त्यांना आपल्या वार्षिक सभेपासून सुरुवात करून सांगितलं. शाळेपुढचं लिंबाचं झाड, त्याखाली अंथरलेली तरटं, तुमचा कडक इस्त्रीचा सदरा. तुम्ही अहवाल वाचायचात की गायचात, कोण जाणे! प्रत्येक आकड्यापाशी आवाज लांबवायचात, "आनि गोदामात शिल्लक पेंऽऽड..." आणि आकडा तुमच्या ओठांतून सुटायच्या आत सगळं गाव ओरडायचं, "मंजूर! मंजूर!" कारण पलीकडं चुलाणावर चहा उकळत असायचा आणि परातीत गरम भजी पडत असायची. सभा संपल्याशिवाय भज्यांना हात लावायचा नाही, हा तुमचाच नियम. जो प्रश्न विचारेल, तो सगळ्यांच्या भज्यांच्या आड येईल. मग कोण विचारणार? मी नानांच्या मांडीवर बसून विचारलं होतं, "नाना, मंजूर म्हणजे काय?" माझे वडील म्हणाले होते, "च्या आना, म्हंजी मंजूर."

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग म्हणाले, "हे प्रबंधात घ्या."

पण तुमची बाजूही मी मांडली, काका. खोटं वाटेल तर सरांना स्वप्नात जाऊन विचारा! तुम्ही म्हणायचात, "दिवाळी सारखी झाली पायजे. एका साली लाडू आन एका साली नुसता गूळ झाला, की मानूस दूध दुसरीकडं घालाया लागतं." पहिल्या वर्षांत तुम्ही तेच केलंत. पाऊसपाणी चांगलं असताना सभासदांच्या जनावरांसाठी पेंड जास्त घेतलीत, कमी दाखवलीत, आणि ती जादा पोती गोदामाच्या कोपऱ्यात तशीच ठेवलीत. पुढं एका ओढगस्तीच्या साली ती निघाली. कुणाची दिवाळी हुकली नाही. ती वर्षं आठवली की मला तुमचं कौतुकच वाटतं, आणि माझा अभ्यास नेमका तिथंच अडतो. सजवलेला आकडा मला गोड कसा लागतो?

मग एकाहत्तर साली पावसानं हात आखडला. कोपरा रिकामा झाला होता. बोनस कमी करायचा, नाहीतर पेंडीच्या खरेदीचे पैसे बोनसात घालायचे. तुम्ही दुसरं केलंत. दिवाळी सारखी झाली, पण गोदाम रिकामं राहिलं. मग पोत्यांत करडईचं काटेरी भुसकट भरलं गेलं, ज्याला जनावर तोंडही लावत नाही. पुढच्या रांगेत खरी पेंड, मागं छपरापर्यंत भुशाची थप्पी. तपासायला आलेल्या माणसानं पुढच्या पोत्यावर थाप मारली, थप्पीची लांबी-रुंदी टिपून घेतली आणि तो जेवायला बसला. काकूनं त्या दिवशी पुरणपोळी केली होती म्हणे. तुमच्या घरचं पुरण कुणालाही आंधळं करील असंच असायचं!

बहात्तर सालाबद्दल मी तुम्हाला काय सांगू? तुम्ही ते अंगावर काढलंत, मी शाळेतली पोर होते. पण एक गोष्ट मला आता कळते, ती तेव्हा कळण्यासारखी नव्हती. पाऊस दडी मारून बसला, तशी आजूबाजूच्या गावांनी जनावरं बाजारात काढली. आपलं गाव थांबलं. का थांबलं? सभेत तुम्ही त्याच लांबवलेल्या आवाजात वाचलं होतं, गोदामात पेंड भरपूर आहे म्हणून! मंजूर म्हणणाऱ्यांनी आकडा ऐकला नव्हता असं मला वाटायचं. ऐकला होता, काका. चहा पीत पीत त्यांनी तो घरी नेला आणि त्याच्या भरवशावर म्हशी दावणीला ठेवल्या. माझ्या विषयातले पुष्कळ लोक म्हणतात की थोडा सजवलेला आकडा कुणाला चावत नाही. मी त्यांना विचारते, तो आकडा ऐकून घरी गेलेल्या माणसांचं काय?

यानंतर काय झालं ते गावाला पाठ आहे. माझे नाना, म्हणजे चेअरमनचा सख्खा भाऊ, बाजारच्या दिवशी आपल्या दोन्ही म्हशी घेऊन निघाले आणि विकून एकटेच परत आले. मला ती संध्याकाळ आठवते, कारण आमच्या दावणीला नुसती दोरखंडं पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव सोसायटीपुढं जमलं. गोदाम भरलं असताना चेअरमनच्या भावानं म्हशी विकल्याच कशा? तुम्ही म्हणालात, "त्याची मर्जी." मग म्हातारे गणपतआबा पुढं झाले. त्यांच्या हातात खंडोबाच्या देवळातला भंडारा होता.

"चेअरमन, अहवाल ऱ्हाऊ द्या. हा भंडारा उचला आन सांगा, गोदाम भरल्यालं हाय."

सगळे सांगतात, तुम्ही त्या पिवळ्या चिमटीकडं बघत राहिलात. भंडारा उचलला नाहीत. सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून आबांच्या हातावर ठेवलीत. कुणीतरी विळ्यानं मागचं पोतं फाडलं, हात आत घातला आणि काटे टोचले म्हणून ओरडला.

काका, मी यावर किती विचार केला असेल! छापील अहवालात तुम्हाला जे सहज जमलं, ते चिमूटभर हळदीपुढं का जमलं नाही? माझं असं मत झालंय की तुमच्या लेखी आकडा म्हणजे बोलणंच नव्हतं. तो सभेचा एक विधी होता, तरटं आणि भज्यांसारखा. शपथ घेऊन बोललेलं तेवढं खरं किंवा खोटं, बाकीचं नुसतं वाचन! हे मी प्रबंधात कसं लिहू? याला तळटीप कुठून आणू? पण मला हे पटतं. आणि मग एक गोष्ट बोचते, तिच्याकडं मी येतेच आहे.

पेटी फोडून पळणाऱ्यांतले तुम्ही नव्हतात, हे गावानंही मानलं. त्यात तुम्ही स्वतःसाठी काही घेतलं नव्हतं. तरी भोगलं सगळ्यांनी. त्या दिवसापासून जो तो जनावर घेऊन बाजाराकडं धावला. ज्यांना गिऱ्हाईक मिळालं ते सुटले. शेजारच्या गोदाबाईला मिळालं नाही. तिची म्हैस दावणीलाच बसली ती उठली नाही. गोदाबाई तुमच्या दारात येऊन काय काय बोलली ते मी आईच्या पदराआडून ऐकलं आहे, इथं लिहीत नाही.

तुम्ही राजीनामा दिलात आणि सगळ्यांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलात. नानाही तिथंच. आई भाकरी घेऊन जायची तेव्हा मी पाठीमागं जायची. एकाच ढिगावर दोघे भाऊ, पण पाठीला पाठ लावून! मला वाटायचं, हा काही खेळ आहे. गाव म्हणायचं, चेअरमननं भावाला तेवढं आधी सांगून वाचवलं. नानांना कुणी रामराम घालेना. शाळेत पोरी मला 'भुसा' म्हणून हाका मारायच्या. आणि तुमचा राग वेगळाच होता. तुम्ही काकूला म्हणायचात, आईला म्हणायचात, पुढं मला कळायला लागल्यावर मलाही म्हणालात, "सारं गाव माझ्यावर इसवास ठिवून थांबलं. सख्खा भाऊ न्हाय थांबला."

गंमत बघा! गोदामात भुसा आहे हे तुम्हाला माहीत. भावानं म्हशी विकल्या ते शहाणपणाचं झालं, हेही माहीत. तरी तुम्हाला राग कशाचा, तर त्यानं तुमच्या खोट्यावर विश्वास ठेवला नाही याचा! मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "हे मी कुठंच वाचलेलं नाही." मग आलेखावर पेन्सिल टेकवून त्यांनी मला तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी मी गेल्या आठवड्यात गावी गेले.

"छपरापर्यंत थप्पी लागेल एवढी पोती एकट्या माणसानं भरून शिवली नसणार. अशा कामात दुसरा हात असतोच. तो कुणाचा?"

खरंच की! एवढी वर्षं आम्ही सगळे चेअरमन, चेअरमन करत बसलो. दुसऱ्या हाताचा विचार कुणाच्या मनात आला नाही. सोसायटीचा शिपाई? हमाल? मी यादीच करायला घेतली होती. घरी पोचले, काकू वाकळ घेऊन उंबऱ्याशी बसली होती. मी चहा पिता पिता विचारलं, "काकू, ती भुशाची पोती कुणी शिवली गं?"

"कुनी म्हंजी? म्याच की."

तिनं वरसुद्धा बघितलं नाही!

"खळ्यावरचं भुसकाट होतं. दुपारचं मानसं जेवाया गेली, की हे भरायचे, म्या दाभनानं तोंड शिवायची. लई काटं मोडलं बोटांत. भाकरी थापाया येईना, मंग तुज्या आईला म्हनलं, सांधं धरलेत."

"तुला माहीत होतं हे कशासाठी चाललंय?"

"दाभन माज्या हातात, मला न्हाय तर कुनाला माहीत आसनार? ह्यांना म्हनलं, आसं नगा करू. तर म्हनले, औंदा पाऊस झाला की भरून काढू."

औंदा पाऊस झाला की भरून काढू! काका, तुम्हाला सांगू? हिशेबात सापडलेल्या जेवढ्या माणसांशी मी आजवर बोलले, त्यातला प्रत्येक जण हेच वाक्य बोलला आहे. पावसाच्या जागी कुणी सीझन म्हणतं, कुणी नवीन ऑर्डर म्हणतं. वाक्य तेच. मला वाटायचं, लबाड माणूस धूर्त असतो. तो तर नुसता आशेवर असतो!

मग काकूनं दोरा तोडला आणि जे सांगितलं, ते तुमच्यासाठी आहे. नीट ऐका.

नानांना तिनं सांगितलं होतं. पाऊस गेलाच हे कळल्यावर, तुम्ही उस्मानाबादला गेला होतात त्या दिवशी, नाना ताक प्यायला आले. ती म्हणाली, "भावजी, म्हशी इका. गोदामावर भिस्त ठिवू नगा. पोती म्याच शिवलीत." तिनं पाणवठ्यावर बायकांनाही आडून आडून सुचवलं होतं, पण चेअरमनचीच बायको असं म्हणते म्हटल्यावर बायकांना वाटलं, नवराबायकोचं बिनसलंय. नानांनी मात्र ऐकलं.

म्हणजे बातमी तुमच्या चुलीपासून फुटली, काका! गाव म्हणत होतं तुम्ही भावाला सांगितलंत. तुम्ही म्हणत होतात भावानं तुमच्यावर अविश्वास दाखवला. दोन्ही चूक. मी काकूला विचारलं, "मग काकांना कधीच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "भावावर रुसले, तर रुसले. माज्यावर रुसले आसते, तर जेवले कुनाच्या हातचं आसते?" आणि हसली. मग तोंडाला पदर लावून रडली.

मला वाटलं, झालं, इथं माझा प्रश्न संपला. दुसरा हात सापडला. पण मगाशी म्हणाले ना, एक गोष्ट बोचते? नाना बाजाराला जाण्याआधी तुमच्याकडं आले होते, हे तुम्हीच मला कितीदा सांगितलं आहे. तुमच्या तक्रारीतलं ते मुख्य कलम असायचं! दारात उभे राहून नाना म्हणाले, "दादा, म्हशी बाजारात न्याव्या म्हंतो." आणि तुम्ही म्हणालात, "कशापायी? गोदाम भरलंय की. चेअरमनच्या भावानं म्हशी इकल्या, तर गाव काय म्हनंल?" हे तर सभेतलं वाचन नव्हतं, काका, भावाशी बोलणं होतं! तुम्ही मला सांगायचात, "म्या नगं म्हनलं, त्यानं मान हालवली, थोडा येळ हुबा ऱ्हायला, आन गेला. आन बाजारच्या दिवशी इकून आला!"

काकू म्हणते, तिनं नानांना सांगितलं ते त्याच्या आदल्या दिवशी.

मी धावतच आमच्या घरी गेले. नाना गोठ्यात होते. आता त्यांचं वय झालंय, कानांनी कमी ऐकतात. मी मोठ्यानं विचारलं, "नाना, थोरल्या काकांना विचारायला गेलात, तेव्हा तुम्हाला भुशाचं माहीत होतं?"

"व्हय."

"मग विचारलं कशाला?"

नाना म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "दादानं सांगावं म्हनून."

काका, तुम्ही कितीदा सांगितलंत की तो थोडा वेळ उभा राहिला. तो का उभा राहिला, हे तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही? माझा भाऊ माझ्यावर विश्वास ठेवत नाही म्हणून तुम्ही जन्मभर कुढलात, आणि तो तर सगळं माहीत असून, तुमच्या तोंडून ऐकायला तुमच्या दारात उभा होता! भंडारा उचलायला लावला नाही त्यानं. सांगितलं असतंत तर काय झालं असतं? त्यानं काय तुमची दवंडी पिटली असती? मला वाटतं, म्हशी बाजाराला जाण्याआधी दोघं मिळून गोदाम उघडायला गेला असतात. गोदाबाईलाही तेवढे दिवस मिळाले असते.

मी नानांना म्हणाले, निदान नंतर तरी सांगायचं! ते म्हणाले, "वहिनीचं नाव कसं घ्याचं?" बस, एवढंच. गावानं रामराम सोडला, तुम्ही बोलणं सोडलंत, आणि नाना वहिनीचं नाव पोटात ठेवून बसले. तुमच्या शेवटच्या दुखण्यात ते रोज येऊन ओट्यावर बसायचे, आठवतं? तुम्ही त्यांना आत बोलावलं नाहीत. ते उठून जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. तेव्हाही ते थोडा वेळ थांबतच होते, काका. मला राग येतो तुमचा. आणि तुम्ही हवे होतात असंही फार वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, काय करू?

तुमचा आलेख प्रबंधात जाणार आहे. गावाचं नाव नाही, तुमचं नाव नाही, काकूचं तर नाहीच. ती सरळ रेषा तेवढी असेल. परीक्षक विचारतील, ही मोडली कशानं? मी सांगेन, पावसानं नाही. घरातल्या एका बाईनं खरं सांगितलं आणि एका माणसानं ते ऐकलं, त्यानं मोडली.

आणि तुम्हाला वचन एकच देते. माझं अजून पुष्कळ काम बाकी आहे. पुष्कळ चेअरमन, मॅनेजर आणि चिटणीस भेटायचे आहेत. त्यांच्यासमोर कागद आपटणार नाही, अर्धं शिकून नावं ठेवणार नाही. ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक आहे, तो प्रश्नही मी त्यांना साध्या आवाजात विचारीन. ते म्हणतील, गोदाम भरलंय की. मी मान हलवीन, पण लगेच निघणार नाही. दारात थोडा वेळ उभी राहीन, नाना उभे होते तशी.

तुमची,
वकीलसाहेब